नोंदवहीतला नवा रकाना

सामायिक प्रयोगशाळेच्या नोंदवहीत
आजपासून एक रकाना जास्त.
पट्टी धरूनही रेघ तिरकीच गेली.

आतल्या खोलीतलं यंत्र आहेच.
ते एकेक पेशी लेझरपुढे उभी करतं,
विचारतं, तू कोण,
मग डावीकडे नाहीतर उजवीकडे धाडतं.
त्याला घाई नसते.
त्याला एसी लागतो, उपाध्ये सर लागतात,
आणि सतरा दिवस आधी नंबर.

फेब्रुवारीत तबस्सुम शिकलगार
गडहिंग्लजहून नमुने घेऊन आली.
एसटी वेळेत सीबीएसला लागली होती.
यंत्र रिकामं नव्हतं.
संध्याकाळी सातला पाहिलं
तर निम्म्या पेशी मेलेल्या.
ती काही बोलली नाही. डबा उघडून
वितळलेला बर्फ बेसिनमध्ये ओतला,
झाकण पुसत राहिली बराच वेळ.

म्हणून हे चुंबक.
मुठीएवढं. ना वायर, ना पडदा.
सर म्हणाले, "एवढ्याशाला पावती फाडायची व्हय?"

नको त्या पेशींना लोखंडाचे कण चिकटवायचे,
नजरेला न दिसणारे.
नळी चुंबकात बसवायची, वरून ओतायचं.
लोखंड ल्यालेल्या आत थांबतात.
हव्या असलेल्या खाली येतात, थेंब थेंब,
कुणीही न शिवलेल्या.

मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.
हुपरीत अण्णा पैंजणांचा कीस
कागदावर पसरून वरून चुंबक फिरवायचे.
कानशीचं लोखंड टचटच उडी मारायचं,
चांदी जागची हलायची नाही.
"चिकटतंय ते आपलं न्हवं," म्हणायचे
आणि चुंबक बनियनला पुसायचे.

पण त्यानंतरही
भिंग लावून बसायचेच ते, दिवेलागणीपर्यंत.
तांब्याचा कण चुंबकाला दाद देत नाही.

हे मी सरांना सांगितलं नाही.
आज तबस्सुमचे नमुने अकरा चाळीसला आले,
साडेबाराला गाळ वेगळा झाला होता.
उरलेलं मूठभर काम सरांनी यंत्राला लावलं,
दीड वाजता डबा खायला बाहेर आले.
"बरं झालं," एवढंच.
कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी कुलूप लावायला गेले
तर चुंबकाला कुठून कुठून
टाचण्या, एक पेपरक्लिप, माझी केसातली पिन.
सर चष्मा कपाळावर सारून
एकेक सोडवत होते,
टाचण्या एका वाटीत,
पिन बाजूला.