पोकळ

रजिस्टर पत्राचा फोटो मुलाने पाठवला
तेव्हा मी घाटकोपरला एका मोरीचा उतार बघत होतो,
मगभर पाणी ओतून, ते कुठे अडतं ते पाहत.
टिपणीस, मुलुंड पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
काम संपून एकोणीस महिने झालेले.
बिल अडुसष्ट हजार. मागणी दोन लाख चाळीस.
निकृष्ट काम, मानसिक त्रास, पंधरा दिवसांची मुदत,
सगळं टाइप केलेलं. खाली सही तेवढी थरथरती.

मुलगा म्हणाला, सोपं आहे, पप्पा.
बिलाच्या तळाशी तुमच्याच अक्षरात आहे: गॅरंटी एक वर्ष.
वर सात महिने उलटले. दोन ओळी लिहून टाकू,
वकिलाचीही गरज नाही.

खरं होतं.
रात्री मी त्या वर्षाची डायरी काढली.
चौदा फेब्रुवारी: इस्राफिल गावी, मालदा, बहिणीचं लग्न.
पंधरा: बदली मिस्त्री, आठशे.
एवढंच. नावसुद्धा नाही.
तो लादीच्या पाठीला मालाचे पाच गोळे लावायचा
आणि पोस्टाच्या तिकिटासारखी भिंतीवर दाबायचा.
हे डायरीत नाही.
हे मी चहा पिताना पाहिलं होतं
आणि चहा संपवला होता.

माझ्या खिशात एक जुना रुपया असतो, जाड, जड.
लादी ठोकायला तसं हत्यार नाही.
भरीव लादी टक् म्हणते आणि गप्प बसते.
पोकळ थोडं जास्त बोलते.

टिपणीसांनी दार उघडलं. पाणी विचारलं नाही.
बाथरूममध्ये भिंतभर लाल टिकल्या,
लादीमागे एक. मोजल्या, एक्केचाळीस.
हिचं पाकीट पडून होतं, ते म्हणाले,
पेन्सिलची खूण पुसली जाते.

मी विचारलं, एकोणीस महिने काय करत होतात?
भांडायचं म्हणूनच विचारलं होतं.
त्यांनी उजव्या कानाला हात लावला.
मशीन मे महिन्यात बसवलं. जावयाने पैसे दिले.
त्याआधी बादली आपटली तरी पत्ता लागत नव्हता.
आता खालच्यांचा कुकर ऐकू येतो,
डक्टमधलं कबुतर कूस बदलतं तेही,
आणि एके रात्री काठी भिंतीला लागली.

मी एकेक ठोकत गेलो. ते मागे उभे.
ही भरीव. ही भरीव. ही पोकळ. ही भरीव.
मला तर सगळ्याच पोकळ वाटतात, म्हणाले,
रुपया मागून घेतला, स्वतः ठोकल्या,
मग बेसिन ठोकलं, दरवाजाही.

नऊ निघाल्या. सगळ्या खिडकीखाली, एकमेकींना लागून,
अख्खी पंधरा फेब्रुवारी तिथे चिकटवलेली.
बाकीच्या बत्तीस टिकल्या काढायला हात पुढे केला
तर म्हणाले, राहू देत.

बिलाच्या मागे मी लिहिलं:
नऊ लाद्या, माल माझा, मजुरी माझी, मंगळवारी,
इस्राफिल स्वतः येईल. रोख काही नाही.
आणि मानसिक त्रासाचं काय करायचं?
ते जावयाने घातलंय, ते म्हणाले,
त्याच्याकडे छापील नमुना असतो.
चष्मा लावून दोनदा वाचलं. सही केली.

मग उरलेली गोष्ट सांगितली.
ही छटा कंपनीने बंद केलीय.
भांडुपच्या गाळ्यात माझ्याकडे सहा उरल्यात.
सहा जुळतील. तीन वेगळ्या दिसतील.
चालेल?

तोवर मशीन काढून त्यांनी डबीत ठेवलं होतं.
रुपया अजून त्यांच्याच मुठीत.
काय म्हणालात?

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने,
बोटं दाखवून: सहा. आणि तीन.
समोरच्या घराचं दार किलकिलं झालं.