एकच व्यक्ती असल्याबाबत

फौजेच्या कागदात माझं नाव परनीता.
कुणा पठाणकोटच्या क्लार्कनं ऐकलं तसं लिहिलं,
बाबांनी खाली सही केली.
तेव्हा त्यांना दोन्ही पाय होते आणि घाई होती.

शाळेत मी प्रणिता, आधारवर प्रणिता.
अंबाजोगाईच्या दवाखान्यात, जिथं मी झाले,
तिथल्या रजिस्टरात नुसतंच
'जोगदंड यांची मुलगी, अडीच किलो'.

म्हणून लातूरच्या पॉलिक्लिनिकात
मी दम्याच्या पंपासाठी उभी राहिले तर
खिडकीतल्या सुभेदार काकांनी कार्ड परत सरकवलं.
"बेटा, ही कोण?"
मीच, म्हणाले.
"तू तर तू आहेस. पण ही कोण?"
मागं एक आजी थर्मासमध्ये इन्सुलिन घेऊन,
तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

बाबा बाकड्यावर, पुण्याचा पाय सरळ पुढं ठेवून.
त्या पायातला बूट चार वर्षं झाली, नवाच.
उजव्याला तीनदा सोल मारून आणलाय.
एकाच जोडीतले, पण बापलेकासारखे दिसतात.

बोर्डानं त्यांचे साठ टक्के मोजले
आणि पंचाहत्तर धरले.
नियमच आहे म्हणे, वरच्या आकड्याला नेऊन बांधायचं.
मला बारावीला एकोणसाठ पूर्णांक सहासष्ट.
स्कॉलरशिपला साठ लागतात.
मला कुणी वर नेऊन बांधलं नाही.
प्रॅक्टिकलच्या महिन्यात बाबांचा खुंट चिघळला होता,
मी ड्रेसिंग शिकले,
त्याचे मार्क नसतात.

"माझ्याकडं पंधरा वरकड पडलेत," बाबा म्हणाले,
"लागतील तेवढे घे."
आणि एकटेच हसले.

बीडच्या सैनिक कल्याणातल्या मॅडम चांगल्या होत्या.
पाणी दिलं, दुसरी योजना शोधली,
नर्सिंगला चालेल म्हणाल्या,
आणि पानं उलटता उलटता वाचलं:
मुलगी, लग्न होईपर्यंत अवलंबित.
आईनं माझ्याकडं पाहिलं.
मावशीनं आणलेलं रेणापूरचं स्थळ
तेवढ्यात किती महाग झालं
ते तिनं बोटांवर मोजलं असावं.

"पण आधी नावाचं बघा," मॅडम म्हणाल्या.

तहसीलसमोर लिंबाखाली बाँडवाले बदने काका.
टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला,
वाचताना ओठ अजून हलतात.
'परनीता वैजनाथ जोगदंड व प्रणिता वैजनाथ जोगदंड
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.'
मी सही केली.
शपथेवर एक झाले.

आई इतका वेळ फायलीच्या दोऱ्याला गाठी मारायली होती.
बाबा पलीकडं रसवंतीपाशी,
कुणाच्या तरी मोटरसायकलला टेकून.
तेवढ्यात कुणीतरी गॅसची टाकी आदळली
आणि ते "लेट जाओ" म्हणून ओरडले,
उभ्या बाजाराला, हिंदीत.
रसवाल्यानं घुंगराचं चाक थांबवलं,
मग पुन्हा फिरवलं.

लग्नाच्या अल्बमात एक जण
मांडवाच्या खांबावर चढून तोरण बांधायलाय,
तोंडात सुतळी, खाली कुणाला तरी चिडवत.
तो फोटो आई कुणाला दाखवत नाही,
पण त्याच पानावर अल्बम आपोआप उघडतो.

ती पुढं झाली.
बदने काकांना हळूच म्हणाली,
"असंच एक यांचं पण होईल का?"

"नावात फरक हाय का?"

"नाव तेच हाय."

"मग कशाला लागायलंय?"

"काय की," आई म्हणाली.
माझ्या सहीवरची शाई ओली होती,
तिनं पदराच्या टोकानं टिपली
आणि घडी न घालता
कागद फायलीत ठेवला.