मानमोडी

माहुलला रात्र पुरती कधी होत नाही.
रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत
खुराड्याच्या फटींतून आत येते,
त्यामुळे आमचा हवालदार
दोनला आरवायचा, सव्वातीनला आरवायचा.
जनू नाखवा भिंतीपलीकडून ओरडायचे,
'चंपे, त्याला घड्याळ घे एक!'

पहिली गेली चिंधी.
हिरवं पाणी हगली, पंख सैल सोडून बसली
खुडूक बसते तशी,
म्हणून मी म्हटलं, बसू दे.
ते 'बसू दे' अजून घशात आहे,
भाताच्या घासाने न उतरणारा काटा.
संध्याकाळी तिची मान वळली
पाठीवर, आभाळाकडे,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.

डॉक्टर फोनवर म्हणाले, बर्फात घालून परळला आणा,
उघडून बघू.
बर्फ मला कुणी शिकवायला नको.
थर्माकोलची पेटी, एक थर खाली, एक वर,
सुरमईला घालते तेच अंथरूण.
बसमध्ये एक बाई वाकली,
'मावशी, पापलेट कसं दिलं?'
'आज विकायचं नाही,' म्हटलं
आणि वडाळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.
गुडघ्यांवर पाणी ठिबकत होतं.

तिथे कागदावर नाव विचारलं.
मी सांगितलं, चिंधी.
कारकुनाने लिहिलं: देशी, मादी, नग एक.

मानमोडी.
हा शब्द मी आयुष्यभर फुकट वाटला.
उधारी बुडवणाऱ्याला, टोपलीत तोंड घालणाऱ्या बोक्याला,
एकदा तर सख्ख्या दिराला,
'मानमोडी येवो तुला!'
त्यांना कुणाला काही झालं नाही.
सगळे धडधाकट आहेत.

मग साखरमिठाचं पाणी, ड्रॉपर, बल्बची ऊब.
दर्शूने शाळेच्या वहीत रकाने पाडले,
प्यायली, नाही प्यायली, थोडी प्यायली.
मास्तरीण बुधवारी.
दोघी पांढऱ्या एकाच दुपारी,
एकीला पुरून येईपर्यंत दुसरी.
शनिवारनंतर वही कोरी.

खड्डा दोन फूट हवा, असं सांगितलं होतं.
इथे दीड फुटाला खाडीचं पाणी लागतं,
काळं, तेलाचा वास असलेलं.
म्हणून ओहोटीची वाट बघत बसायचं,
मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं थंड वजन घेऊन.
चाळीस वर्षं मासे चिरले या हातांनी,
डोळ्यांत बघून चिरले.
चुना टाकताना मात्र मी तोंड फिरवलं.

हवालदार सर्वांत शेवटी.
म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.
आमच्याकडे उजाडलेलंच असतं, झाका नाहीतर नका झाकू.
तरी त्या रात्री मी डालग्यावर गोणपाट टाकलं,
त्यावर माझं जुनं लुगडं, चौपदरी.
एक तरी रात्र
त्याला खरी मिळावी.

जनू नाखवा परवा कुंपणाशी उभे होते,
'झोप लागत नाही गं हल्ली.'
मालवणीहून दोन पिल्लं आणून देतो म्हणाले.
मी म्हटलं, तीन महिने काही नाही. चुना मुरू दे.
खरं सांगायचं तर तीन महिने मी माझ्यासाठीच मागितले.

एक तलंग उरली आहे.
तिला अजून नाव नव्हतं, म्हणून राहिली की काय,
असं दर्शू म्हणते, आणि ठेवूही देत नाही.
मान कायमची तिरकी.
चालायला निघते जाळीकडे, पोचते तुळशीपाशी.
दाणा दिसतो तिला, झडप घालते
आणि चोच आपटते फरशीवर, दोन बोटं डावीकडे.
पहिले काही दिवस मी तिचं डोकं धरून
वाटीत खाली दाबायचे. ती फडफडायची.
आता तसं करत नाही.
सुकटीचा चुरा घेऊन समोर उकिडवी बसते,
ती नेम धरते,
आणि ती चुकणार असते तिथे
वाटी सरकवते.