फेरमोजणी

नियमात लिहिलंय, घेर छातीच्या उंचीवर मोजावा.
ठकूबाई मरगळे म्हणाल्या, कुणाच्या छातीच्या?
तुमच्या का माझ्या?
त्यांची नात टेपचं दुसरं टोक धरून
खोडापलीकडे उभी होती, मला न दिसता.

मी सांगितलं, एक मीटर सदतीस.
त्या हसल्या. एवढ्यावरच म्हस बांधायचो.
दोराचा घट्टा होता तिथं, झाडाला.
टेप नेमकी त्यात बसली.

दोनशे ब्याऐंशी, मी लिहिलं.
जात : आंबा.
पुढं जागा नव्हती, म्हणून राहिलं
की हा खोबऱ्या.
पलीकडचा शेप्या, पातळ रसाचा,
बाळंतशेपेच्या वासाचा,
रस्त्यात गेला.

अर्जदार श्री. दारवटकर, हल्ली मुक्काम बाणेर.
अर्जात म्हणतात, सदर झाड वाळलेले व धोकादायक,
प्लॉट क्रमांक अकराच्या बरोबर मध्ये.
सदर वाळलेलं झाड
माझ्या रजिस्टरवर मोहोर सांडत होतं.
ओल्या शाईत तुडतुडे चिकटले.

नोटीस ठळक ठिकाणी लावायची असते.
वाडीत त्याच्याइतकं ठळक काहीच नाही,
म्हणून त्यालाच खिळा मारला :
‘हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.’
खिळ्याभोवती चीक आला,
कागदावरून ओघळत
‘लेखी’पाशी थांबला.

लेखी ठकूबाईंना येत नाही.
त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो,
कलमात बसत नाही ते सोडून.
सोडलेलं ते हे :
की एका थंडीत बिबट्या बुंध्याशी बसून राहिला
पार उजाडेपर्यंत,
आणि वर बेचक्यात ह्या, पदरात करडू घेऊन.
करडानं आवाज केला नाही.
आंब्यानं एक पान टाकलं नाही.
हरकतीचे कारण : पारंपरिक वापर.
खाली अंगठा.

बांधावरचा पांगारा यादीत नाही.
त्यासाठी मला कुणी बोलावलं नाही, बोलवायचं कारणही नाही.
मी डबा उघडला तेव्हा मशीन सुरू झालं,
दुसरी भाकरी संपायच्या आत बंद.
संध्याकाळी साळुंक्या आल्या.
फुलं असायची त्या उंचीवर
थोडा वेळ नुसत्याच फिरल्या.
त्या उंचीचा नियम नाही.

आता फायलीचं.
साहेब विचारतात, ही अजून पडून कशी?
मी शेरा दाखवतो, माझ्याच अक्षरातला :
‘मागील व चालू मोजणीत तफावत. फेरमोजणी करावी.’
यात खोटं काही नाही.
दोनशे ब्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. मग साडेपंच्याऐंशी.
आंबा एका आकड्यावर थांबत नाही,
आणि आकडा जुळल्याशिवाय पुढची सही होत नाही.
चौतीस वर्षं लोकांनी मला यासाठीच शिव्या दिल्या.

परवा दारवटकर स्वतः आले. चिडले नाहीत.
पाणी प्याले, सावलीत गाडी लावली होती ती बघितली,
म्हणाले, तुम्ही रिटायर कधी?
म्हटलं, जूनमध्ये.
बरं, म्हणाले.

यंदाची मोजणी काल केली.
कागद कधीच गेला, खिळा आहे,
अर्धाअधिक सालीनं गिळलेला.
ठकूबाईंची नात आता माझ्याएवढी झालीय.
टेप हातात घेऊन म्हणाली,
खिळ्यावरनं धरू का खालनं?

वरनं, म्हटलं.
अर्धा सेंटिमीटर जास्त येतो.