कांदा बंद

खारघरच्या इस्पितळात, काट्यावर उभे राहत
आबा म्हणाले,
"बारदान वजा करून लिहा, सिस्टर."
तिला कळेना. मीच सांगितलं,
बारदान म्हणजे रिकामं पोतं, मालाच्या वजनात धरत नाहीत.
तिनं आबांचा सदरा पाहिला, खुंटीला अडकवल्यासारखा,
आणि गंभीर चेहऱ्यानं दोनशे ग्रॅम कापले.

बावन्न.
"म्हंजे एक गोणी," आबा म्हणाले,
"ही मी शीळ घालत न्यायचो."

चाळीस वर्षं वाशीच्या मार्केटात
कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर वारणी केली त्यांनी.
घरी आले की आधी वास यायचा, मग आबा.
लहानपणी मला वाटायचं
सगळ्यांच्याच वडिलांना असा वास असतो.

दुसऱ्या केमोनंतर तिसऱ्या दिवशी
कुणाच्या तरी घरात फोडणी बसली
आणि आबा मोरीपर्यंतही पोचले नाहीत.
कांद्यानं ज्याची खोली घेतली, माझी फी भरली,
तो माणूस कांद्याच्या वासानं आडवा.

आई कुणाला काही बोलली नाही.
खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला.
पण कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
भिंतींना कान असतात असं कुणी म्हणत नाही,
कारण भिंती नावालाच आहेत.

सकाळी जिन्यात, मीटरच्या पेट्यांवर, खडूनं:
"सोम ते गुरु कादा बंद. हुकुमावरून."
कुणाचा हुकूम, लिहिलेलं नाही.
अनुस्वार खाल्ला होता, म्हणजे निकमकाकू.

चार मजले, सोळा बिऱ्हाडं,
प्रत्येक पलंगाखाली कांद्याचं पोतं,
आणि दर एकवीस दिवसांनी
कालवणात नुसतं खोबरं नि लसूण.
पार्टेमामा म्हणायचे, "देवानं वर्षाला एक चातुर्मास दिला,
सर्जेरावानं सहा."
रुबीनाभाभींनी कांद्याशिवाय बिर्याणी केली,
डबा देताना म्हणाल्या, "खा, पण हिला बिर्याणी म्हणू नका.
माझ्या अम्मीला कळलं तर ती कबरीतून उठेल."

आत्या आली ती पिशवीभर पाला घेऊन.
पपईचा, गुळवेलीचा, एक नाव नसलेला.
आबांनी सगळा निवडून बघितला,
"अक्के, याच्यानं बरं वाटतं का दूध वाढतं?"

असं दिवसा.
रात्री तीनला मी घमेलं धरून बसलेले
तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले,
"गोणी पाठीवर द्यायला दोघं लागतात, पोरी.
चालायचं एकट्यानंच असतंय."
मी काही बोलले नाही.
घमेलं धुतलं, परत आणून ठेवलं,
जागेवर, तंतोतंत त्याच फरशीवर,
जणू त्यावर सगळं अवलंबून होतं.

पाचव्या खेपेचा बुधवार.
निकमकाकूंचा नातू चिपळूणहून आलेला,
त्याला पाटी दिसली नाही, किंवा दिसली आणि कळली नाही.
तव्यावर कांदा पडला मात्र
आख्खा जिना त्याच्यावर धावून गेला.
कुणी गॅस बंद केला, कुणी पंखे लावले,
पार्टेमामा त्याच्या खानदानाचा हिशेब काढायला बसले,
पोरगा उलथनं हातात धरून रडवेला.

आमची खिडकी उघडली.
टॉवेल खाली पडला.
"ए," आबा ओरडले,
आवाज कसला, फाटकी पिपाणी,
"भांडायचं नंतर. आधी मला बी एक आम्लेट धाडा."

जिना गप्प.
मग निकमकाकूंनी नातवाच्या डोक्यात टपली मारली,
"ऐकलं न्हाईस? कांदा बारीक चीर."

निम्मंच गेलं. निम्मं मी खाल्लं, गार.
पुढच्या वेळी काटा म्हणाला बावन्न-चारशे,
आबा म्हणाले, "माल ओला हाय, कडता कापा,"
आणि सिस्टर, आता तयार झालेली,
म्हणाली, "आज बाजार तेजीत आहे, आबा. कडता नाही."

पुढच्या मंगळवारी स्कॅन.
खडूची अक्षरं अजून तशीच आहेत,
फक्त कुणीतरी येता-जाता
काच्या डोक्यावर एक टिंब देऊन गेलंय.