तोज

तीन दिवस तोज होती. इथे धुळीला असंच म्हणतात,
एका फुंकरीत संपणारा शब्द.
मंगफच्या आमच्या खोलीत खिडकीच्या फटींना
चिकटपट्टी लावली, दाराशी ओला टॉवेल,
तरी येल्लय्याच्या डाळीत कचकच आलीच.

आज शुक्रवार. दोघं अजून झोपलेत.
मी न्हाणीघरात कॅमेरा घेऊन बसलोय,
बनियनसुद्धा काढून; सुताचा एक धागा पुरतो.
आधी नळ सोडला. जूनमध्ये गीझर कशाला,
गच्चीवरची टाकीच उकळते.
वाफ झाली, हवेतली धूळ घेऊन खाली बसली.
मग फरशी सुकेपर्यंत उकिडवा, मुकाट.

पांढऱ्या भिंतीचा फोटो, छिद्र बावीसवर.
बारा डाग. दुसऱ्या फोटोत एक सरकला:
पाल.
उरले अकरा.
सगळ्यांत मोठा वर डावीकडे,
म्हणजे काचेवर खाली डावीकडे.
आत सगळं उलटं पडतं, हे मला
जुन्या बाजारातल्या इजिप्शियनने सांगितलं होतं
माझ्याच नोटा मोजता मोजता.

तो मोठा ओळखीचा आहे.
गेल्या ईदला अशफाक हमदुलेचा फोटो काढला,
मागे समुद्र, ऊन इतकं की छिद्र बारीकच करावं लागलं,
आणि डाग बसला नेमका त्याच्या कानशिलावर.
बाणकोटला त्याच्या आईने बोटांनी चेहरा मोठा केला,
म्हणाली, तीट कुणी लावली रे तुला तिथं?
हा म्हणाला, आहे एक मालवणचा.
तेव्हापासून फोटो काढायचा म्हटलं की
अशफाक स्वतःच सरकतो,
‘थोडा अजून डावीकडे? आलं का?’
आणि मी पडद्यावर बघून सांगतो, आलं.

पण रविवारी साल्मियात बारसं आहे,
पंधरा दिनार, मागे पांढरा पडदा.

बॅटरी पूर्ण भरलेली. अर्ध्यात मेली
तर आरसा खाली आपटतो, हातावर.
कॅमेरा पालथा धरून आधी नुसती हवा.
मग काडीला दोन थेंब. तिसरा नाही.
श्वास धरून डावीकडून उजवीकडे,
एकदाच; गेलेल्या वाटेने परत यायचं नाही.
काडी उलटून, दुसऱ्या अंगाने, पुन्हा.
आणि हे सगळं खऱ्या सेन्सरला हातही न लावता,
त्याच्यावर अजून एक काच असते.
काडीच्या टोकाला उरलं ते
पापणीच्या केसाएवढंही नव्हतं.

भिंतीचा फोटो. काही नाही.
पालही गेलेली.

दारावर थाप. नमाजाआधी वुजू करायचंय.
अशफाक आत आला, नळ सोडला, मग थांबला.
‘झालं?’
झालं.
‘तो पण?’
तो पण.
तो आरशातली वाफ तळहाताने पुसून
कानशील बघत राहिला, जणू तिथे
खरंच काही होतं.
‘अम्मी विचारेल.’

मी कॅमेऱ्याला झाकण लावलं.
झरोक्यात आभाळ पुन्हा पिवळं धरायला लागलं होतं.
म्हटलं, थांब की आठवडाभर.