डावी बाही

लोकर नको, देओलिंदा म्हणाली.
लोकर टोचते, आणि टोचलेलं हल्ली
दोन-दोन दिवस अंगावर राहतं.
मग इलीदियुच्या दुकानातून सुती दोरा आणला,
सायीच्या रंगाचा, सहा लडी.
चीज देतो तसा त्याने तो तराजूत टाकला.
तीनशे ग्रॅम. भर उन्हाळ्यात कार्डिगन कुणाला?
तुला नाही, मी म्हटलं.

आमच्या बेटावर उन्हाळा म्हणजे
चार वाजेपर्यंत ऊन,
मग समुद्रावरून धुकं चालत येतं
गायींसारखं, कुणी न हाकता.
समोरचा पिको डोंगर आधी कमरेपासून जातो,
मग सगळाच.
तेवढ्यापुरतं खांद्यावर काहीतरी हवं.
वारा अडेल आणि अंगाला कळणार नाही
इतकंच.

लोकांना वाटतं, विणकाम दोऱ्याचं असतं.
हलक्या कपड्यात अर्धं काम भोकांचं.
दोन खांब, एक साखळी, एक घर मोकळं;
दोन खांब, एक साखळी.
मोकळी घरं सारखी आली पाहिजेत,
दोरा आपोआप नीट दिसतो.
हे तिनेच शिकवलेलं. चर्चच्या वेदीसाठी
कापड विणायला बसलो होतो, मी नऊ वर्षांची,
ती चौदाची, आणि माझी प्रत्येक ओळ
तिने एकदा तरी उसवली होती.

फेब्रुवारीत तिला विमानाने दुसऱ्या बेटावर नेलं.
मार्चमध्ये परत आणलं, एका बाजूने सपाट.

माप घ्यायला गेले तर ती उभी राहिली
दोन्ही हात पसरून, दारात.
उजवा दंड अठ्ठावीस.
डावा साडेतेहतीस.
मी टेप पुन्हा लावली.
फेरी आली का गं, तिने खिडकीकडे बघत विचारलं.
फेरी सहाला येते. पन्नास वर्षं सहालाच येते.
मी दोन आकडे एकाखाली एक लिहिले,
वजाबाकीला मांडतात तसे,
आणि रेघ ओढली नाही.

उजवी बाही चार संध्याकाळींत झाली.
डाव्या बाहीला अकरा लागल्या.
दहा खांब जास्तीचे. ते लपवायचे कुठे?
बगलेखाली, जिथे कुणी बघत नाही,
एका ओळीआड एक, एका ओळीआड एक,
पाहुण्यांच्या पंक्तीत
घरचं माणूस हळूच बसवावं तसे.
मग मनगटाजवळ पुन्हा कमी करत आणलं
की काठ दोन्हीकडे सारखा पडावा.
काठाला मुके खांब.
त्यांना उंची नसते, नक्षी नसते,
पण ते नसले तर सगळं ओघळतं.

रविवारी तिने ते घातलं. उलटं घातलं.
क्रोशाची उलट-सुलट बाजू चटकन कळत नाही,
आणि उलटं घातलं की बाह्या बदलतात.
डावा हात कोपरापाशी अडकला.
मी चहाचं भांडं धुतलं. धुतलेलं होतं, तरी.

ती खुर्चीवर बसली, ते काढून मांडीवर पसरलं,
बगलेखालून नखाने मोजत गेली,
ओठ हलत होते, अगदी वेदीच्या कापडाच्या वेळचे.
दहा? तिने विचारलं.
दहा.
मला वाटलं होतं वीस तरी लागतील.
मग दोन ओळी मागे गेली: इथे एक घर चुकलंय.
माहितीय, मी म्हटलं.
उसव.
नाही उसवणार.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी दातांपर्यंत.

आता सुलटं घालून ती अंगणात उभी आहे,
हायड्रेंजियाच्या कुंपणाशी,
आणि पिको कमरेपासून जायला लागलाय.
अर्धी लड उरली आहे.
बटणं राहिलीत.
तिथूनच ओरडून सांगते,
मोठी आण, ग्रासिएत,
एका हाताने लागतील अशी.